जुना अभिप्राय

“जे काही असेल ते समोर बसून सांग तिला. कागद पाठवू नकोस.”

ताई हे म्हणाली तेव्हा धाकट्या बहिणीकडे बघतही नव्हती. दवाखान्यातल्या पांघरुणाच्या कडेची शिवण उसवली होती, ती अंगठ्याने दाबून दाबून सरळ करत होती. उभा जन्म गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड बेतण्यात गेलेला. हात स्वस्थ बसायला तयार नव्हते. “तुमच्या त्या यादीत पुढे काही बदललंच, तर भिंगरीला तू सांगायचं. तुझ्या तोंडाने. पाकीट आलं की ही मुलगी कोपरा फाडते आणि आत न बघताच ठेवून देते कुठंतरी. वीजबिलाचंसुद्धा तेच. तुझ्या ऑफिसचं पाकीट असलं तर कोपराही फाडायची नाही.” मग जरा दम खाऊन, “सांगशील ना?” आणि धाकटी हो म्हणाली होती. हो म्हणणं तेव्हा सोपं होतं. यादी इतक्यात बदलणार नाही हे तिला ठाऊक होतं. यादी तिनेच केली होती.

त्याला सात वर्षं झाली. आज ताईचा तो आवाज आला तो भर सभेत, लांब टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला ती उभी राहून स्वतःचाच नऊ वर्षांपूर्वीचा अभिप्राय वाचत असताना. सार्वजनिक आरोग्य खात्याच्या त्या समितीची ही जुनी रीत होती. जनुकीय चाचण्या रोज नव्या निघतात, आणि काढणारा प्रत्येक जण सांगतो की ही सगळ्यांची झालीच पाहिजे. कुठली खरंच सगळ्यांची करायची, कुठलीसाठी थांबायचं आणि कुठलीच्या नादी लागायचं नाही, हे समिती पुराव्यावरून ठरवायची. हिरवी यादी, पिवळी यादी, लाल यादी. जगभरात झालेलं संशोधन वाचून, चाळून, पाखडून अभिप्राय लिहिणं हे तिचं काम. सव्वीस वर्षं ती तेच करत होती. आणि एखादी चाचणी एका यादीतून दुसरीत जायची असेल, तर नवा अभिप्राय मंजूर होण्याआधी जुना ज्याने लिहिला त्यानेच तो उभं राहून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचा. कुणा एका जुन्या अध्यक्षांनी हे घालून दिलं होतं. आपण पहिल्यापासूनच शहाणे होतो असं कुणाला वाटू नये म्हणून. अध्यक्ष निवृत्त झाले, वारले, रीत राहिली. दुसऱ्यांचं वाचताना लोक गालातल्या गालात हसत, स्वतःचं वाचायची पाळी आली की घसा खाकरत. तिने घसा खाकरला नाही. तिचा आवाज मुळातच बारीक, समोरच्याला पुढे वाकायला लावणारा. ऑफिसात तिला हळूबाई म्हणत, तोंडावरसुद्धा.

चाचणी आतड्याच्या कर्करोगाची होती. म्हणजे रोगाची नव्हे. काढलेली गाठ तपासून हा रोग रक्तातून, घराण्यातून आला आहे का हे सांगणारी. तसा असेल तर रोग्याच्या मुलाबाळांना, भावंडांना आधीच सावध करता येतं, ठरावीक अंतराने आतडं तपासून गाठ धरायच्या आतच काढता येते. नऊ वर्षांपूर्वी तिने लिहिलं होतं की प्रत्येक रोग्याची ही तपासणी करावी इतका पुरावा अद्याप नाही, थांबावं. आज पुरावा होता. चार देशांतला, हजारो घरांतला, तिनेच वर्षभर बसून वाचलेला. ती एका सुरात वाचत गेली. पहिलं पान, दुसरं पान. आणि तिसऱ्या पानावर, खालून चौथ्या ओळीत, तिला स्वतःच्याच हातचं एक वाक्य भेटलं जे आपण लिहिलं होतं हेच ती विसरली होती. “मात्र ज्या रुग्णांच्या रक्ताच्या नात्यात आणखी दोघांना आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग झालेला आहे, त्यांना ही शिफारस लागू नाही. त्यांच्या गाठीची तपासणी आजही करावी.”

“हळूबाई, जरा मोठ्याने,” टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून आकडेवाले म्हणाले. समितीचे संख्याशास्त्रज्ञ, एका कानाने कमी ऐकणारे आणि त्याचा अभिमान असलेले. “आमच्याकडे नुसता पंखा ऐकू येतोय.”

“कुठून वाचू?” तिने विचारलं.

“मात्र-पासून.”

तिने मात्रपासून पुन्हा वाचलं. थोड्या मोठ्या आवाजात, स्पष्ट, स्वल्पविरामाला थांबून. आत काही हललं नाही. पाय बधिर झाला की आपण त्यावर हात ठेवतो आणि दुसऱ्याच कुणाच्या मांडीवर हात ठेवल्यासारखं वाटतं, तसं तिला ते वाक्य वाटलं. कागदाची कड बोटाला लागत होती, समोरच्या पेल्यातलं पाणी पंख्याच्या वाऱ्याने किंचित थरथरत होतं, आणि एका बाजूला, अगदी शेजारच्या खुर्चीवर बसून बोलावं तशी, ताई म्हणत होती, कागद पाठवू नकोस. ती खाली बसली. हात वर झाले. चाचणी पिवळ्यातून हिरव्यात गेली. भिंतीवरच्या पडद्यावर एक ओळ एका रकान्यातून उचलली जाऊन दुसऱ्यात ठेवली गेली. अध्यक्ष म्हणाले, “छान. चहा सांगा.” आणि सगळे खुर्च्या मागे सारून मोकळे झाले.

चहा गरम असणार, पेल्याला वाफ होती, पण तिच्या जिभेला तो कळला नाही. ती मनात एक स्वयंपाकघर बघत होती, ताईचं. ओट्याशेजारी शिवणयंत्र, दिवाणखान्यात उजेड नसतो म्हणून. मोजपट्टी ताईच्या गळ्यात, नेहमीसारखी. नुकतीच शस्त्रक्रिया झालेली, ताई बेचाळीस किलोची उरलेली आणि तरी कुणाच्या तरी झग्याची कड दुमडत बसलेली. “डॉक्टर म्हणाले, काढलेल्या गाठीचीच एक तपासणी होते म्हणे. घराण्यातून आलंय का ते कळतं. करायची तर तुम्ही सांगा म्हणाले. करू का गं?” आणि हिने, ओट्याला टेकून, हातात भाजीची सुरी असताना, सभेत द्यावं तसं उत्तर दिलं होतं. “ते आमच्या पिवळ्या यादीत आहे, ताई. अजून पुरावा नाही.” “मग नको तर. तू म्हणतेस तर नको.” ताईने दोरा दाताने तोडला होता. तेव्हा हिच्या मनात काय आलं होतं तेही हिला आता लख्ख आठवलं, आणि तेच सगळ्यात परकं वाटलं: आपण घरच्यांना वेगळं माप लावलं नाही. सख्ख्या बहिणीलाही नाही. बरं वाटलं होतं स्वतःबद्दल. संध्याकाळी दिवा लावताना हात जोडून ते देवालाही सांगितलं होतं, न मागता दिलेल्या हिशोबासारखं.

“सगळं ठीक ना?” कार्यालयाच्या सचिव तिच्याजवळ येऊन बसल्या. बाई कामसू, हातात कायम कागद. “ते पत्राचं एकदा बघून घ्या, मजकूर तुमचाच आहे. परवा निघणार.”

नव्या ठरावाचा एक भाग असा होता की गेल्या दहा वर्षांत ज्यांची गाठ काढली आणि जे पन्नाशीच्या आत होते, त्यांचे दवाखान्यांत मेणात जपून ठेवलेले नमुने आता तपासायचे. माणूस हयात नसेल तर जवळच्या वारसाची परवानगी घ्यायची. त्यासाठी पत्र. पन्नाशीच्या आतले पहिल्या खेपेत, ही अट तिनेच सुचवली होती, कारण लहान वयात झालेल्या रोगात घराण्याचा धागा सापडण्याची शक्यता जास्त. ताई सेहेचाळीसची होती. वारस एकच. तिने पत्र वाचलं. ‘आपल्या दिवंगत आप्तांच्या शस्त्रक्रियेच्या वेळी काढण्यात आलेला नमुना’. ‘घाबरून जाण्याचे कारण नाही’. ‘सोबत जोडलेल्या अर्जावर स्वाक्षरी करून’. एकही शब्द चुकीचा नव्हता. तिने एका ठिकाणी अनुस्वार दिला आणि कागद परत केला.

“पत्र किती दिवसांत पोचेल?” तिने विचारलं.

“गावातल्या गावात ना? तीन दिवस. का हो?”

“सहज.”

जागेवर परत येऊन तिने कोरा कागद पुढ्यात घेतला. ती परिचारिकांना शिकवायची, वर्षातून दोनदा, मोठ्या फळ्यावर. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल, गेलेल्यावर तिरकी रेघ, रोग झालेला काळा भरायचा. तीन पिढ्या. आणि एक गोष्ट ती आवाज चढवून सांगायची, चढवून म्हणजे तिच्या मानाने: पेशंट म्हणाला, ‘पोटाने गेला’, तर तेवढं लिहून पुढे जायचं नाही. पोटाने म्हणजे कुठल्या पोटाने? जठर, यकृत, आतडं? ‘बायकांचं दुखणं’ म्हणाली तर विचारायचं, कुठलं? लाजू नका, घरातले लाजतातच, तुम्ही लाजलात तर कागद खोटा होतो. परिचारिका हसत आणि लिहून घेत. असे शेकडो वृक्ष तिने काढून दाखवले होते, खोट्या घरांचे, खऱ्या घरांचे. स्वतःच्या घराचा कधी काढला नव्हता. आता काढला. फार वेळ लागला नाही. वर आजी, एक गोल, कशाने गेली ते कुणाला ठाऊक नाही. तिच्याखाली मामा, चौकोन. मामा चव्वेचाळीसचा असताना पोटाने गेला. घरात हेच म्हणत, पोटाने, आणि जेवताना तो विषय काढायचा नाही. पण तिला आठवलं, मामाच्या कमरेला एक पिशवी बांधलेली असायची आणि मुलांना त्याच्या मांडीवर बसू देत नसत. तिने चौकोन काळा केला. मामाशेजारी आई. आई एकोणपन्नासची गेली, बायकांच्या दुखण्याने. कुठलं? परिचारिकांना शिकवल्याप्रमाणे तिने स्वतःला विचारलं. अंगावरून जाणं थांबत नव्हतं, चादरी बादलीत भिजत पडलेल्या असायच्या, आणि ताई दार लावून त्या धुवायची, धाकटीला आत येऊ द्यायची नाही. गर्भाशय. गोल काळा. त्याखाली ताई. पेन्सिल इतकी सारखी फिरत होती की कागदाला चकाकी आली. ताईशेजारी ती स्वतः, रिकामा गोल. ताईखाली आणखी एक रिकामा गोल.

आई आणि मामा. आणखी दोघं. तिचं वाक्य तेव्हाही खरं होतं, आजही होतं. यादी चुकली नव्हती. यादीत ताईसाठी जागा केलेली होती, खुद्द तिच्याच हाताने, आणि ओट्याशी उभं राहून तिने ताईला दुसऱ्याच रांगेत पाठवलं होतं. ताईला त्या तपासणीने फार फरक पडला नसता, तेही तिला माहीत होतं. रोग तेव्हाच पसरला होता. फरक पडला असता तो खालच्या रिकाम्या गोलाला. भिंगरी तेव्हा चोवीसची होती. अशा घरात मुलीचं आतडं पंचविशीपासून दर दोन वर्षांनी तपासतात. आता ती तेहतीसची. अर्धी शक्यता की तिला काहीच नसेल. अर्धी. सभेत ती हा शब्द किती हलक्या हाताने वापरायची.

ऑफिस सुटल्यावर ती नेहमीच्या बसला बसली आणि नेहमीच्या थांब्याच्या दोन थांबे आधी उतरली. हे ती वर्षातून चार-सहा वेळा करायची आणि कुणाला सांगायची नाही. तिथे पोहण्याच्या तलावाची इमारत होती, रस्त्याच्या बाजूला वाफेने धुरकटलेल्या उंच काचा. भिंगरी तिथे पोहायला शिकवायची. संध्याकाळी मुलांना, सकाळी म्हाताऱ्यांना. काचेतून माणूस ओळखू येत नसे, नुसते रंग हलत. निळा आणि त्यात एक लाल टोपी, काठाने चालणारी. ती लाल टोपी भिंगरीची. दाराशी क्लोरीनचा वास यायचा आणि तो आला की तिला सहा वर्षांची भिंगरी आठवायची, पाठीवर तरंगायला शिकताना एका जागी गोल गोल फिरत राहिलेली, ताई काठावरून ओरडतेय, “अगं सरळ जा की, भिंगरीसारखी काय फिरतेस,” आणि तेच नाव पडलेलं. मुलगी पाण्यातून म्हणाली होती, “मावशी, मी बुडाले तर तू येशील ना?” “येईन की.” “पण तुला कुठं पोहता येतं?” “नाही येत. तरी येईन.” यावर ताई इतकी हसली होती की तिला काठावर बसावं लागलं.

आणि दवाखान्यातल्या सज्ज्यातली भिंगरी, सव्वीसची. कुणा डॉक्टरने बोलता बोलता तिला सांगितलं होतं की त्या तपासणीला तुमच्या आईच नको म्हणाल्या, बहिणीच्या यादीत ती बसत नाही म्हणून. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं होतं. सज्ज्याच्या कठड्याला हात धरून, खाली बागेत बघत, तिने अगदी सहज विचारलं, “मावशी, तुझ्या यादीत आई कुठल्या रंगाची होती गं?” त्यानंतर दोघींत भांडण असं झालंच नाही. वाढदिवसाला एकमेकींना फोन, कशी आहेस, बरी आहे, तू, मीही. ताईच्या दिवसाला भिंगरी दोन ओळींचा संदेश पाठवायची. सात वर्षं हे नीट चाललं होतं, टाके सुटले नव्हते. तिला आज जे सांगायचं होतं ते नुसतं एवढंच नव्हतं की तपासणी कर. ते पत्रातही होतं. पत्रात नव्हतं ते हे की तुझ्या आईची तपासणी तेव्हाच व्हायला हवी होती, नियमानेच, आणि ती मी होऊ दिली नाही. भिंगरीला हे माहीत नव्हतं. भिंगरी समजत होती की मावशीची यादी निर्दय आहे. यादी निर्दय नव्हती.

काचेमागची लाल टोपी थांबली, वाकली, पाण्यात हात घातला. तिने दाराच्या मुठीवर हात ठेवला. मूठ थंड होती का कोमट, हेही तिला सांगता आलं नसतं. आतून दोन ओल्या केसांच्या मुली धावत बाहेर आल्या, एकीने दार धरून ठेवलं, “काकू, आत जाताय?” तिने मान हलवली, नाही अशी, आणि पुढे चालू लागली.

घरी नवरा वर्तमानपत्राचं कोडं सोडवत बसला होता. पाणीपुरवठ्यात मीटर तपासायचं काम करून निवृत्त झालेला, त्यामुळे कुठल्याही घरात शिरल्याबरोबर काय गळतंय हे त्याला कळतं असं तो म्हणायचा. “उशीर?” तो म्हणाला. “दोन थांबे चालत आलीस वाटतं.”

“कशावरून?”

“वासावरून. तलावाचं पाणी तुझ्या साडीला लागून येतं. मी बोलत नाही म्हणून.” त्याने पेन्सिल कानावर ठेवली. “आत गेलीस?”

“नाही.”

“बरं,” तो म्हणाला, आणि भात गरम करायला उठला. जेवताना तिने त्याला सगळं सांगितलं, ठराव, पत्र, वाक्य, मामा, चादरी, कागदावरचे दोन रिकामे गोल. तिच्या आवाजात ते एखाद्या तिसऱ्या घराविषयी असल्यासारखं निघालं. शेवटी एवढंच म्हणाला, “तू स्वतः करून घेणार ना गं? तो दुसरा गोल?”

“आधी ताईच्या नमुन्यात दिसायला हवं. मग आम्हा दोघींचं. क्रम असतो.”

“क्रम,” तो म्हणाला. “बरं. क्रमाने.”

जेवण झाल्यावर ती टेबलाशी बसली आणि तिने चिठ्ठी लिहायला घेतली. समोर बसणं जमणार नाही असं तिने काही ठरवलं नव्हतं. हात आपोआप कागदाकडे गेला, इतकंच. ‘चि. भिंगरी, अनेक आशीर्वाद.’ अक्षर सुरेख येत होतं. दोन परिच्छेद झाल्यावर तिने परत वाचलं. मधेच कुठंतरी ‘आपल्या दिवंगत’ असं लिहिलेलं होतं. आपल्या बहिणीबद्दल, तिच्या मुलीला. तिने कागदाची घडी घातली, पुन्हा घातली, पुन्हा, घडी घालता येईनाशी झाली तेव्हा ती मुठीत तशीच राहिली. ताई म्हणायची, तुला मापाशिवाय बोलताच येत नाही. एकदा तरी अंदाजाने काप की. ते गमतीने म्हणायची. कारखान्यात ती स्वतः कधी अंदाजाने कापत नसे.

सकाळी ती रोजच्या वेळी उठली. अंघोळ, धुतलेली साडी, दिवा. ताई गेल्यापासून तिचा एक नेम होता: उठल्यापासून घराबाहेर पाऊल टाकेपर्यंत बोलायचं नाही. जप करायचा, कामं करायची, पण शब्द नाही. ताईच्या शेवटच्या सकाळीही दिवा चुकला नव्हता. त्यानंतर हे मौन वाढलं, आणि वाढलं तेव्हा तिला वाटलं होतं की आता आत काहीतरी निवेल. निवलंच. निवून निवून दगडासारखं झालं. नवऱ्याशी बोलायला एक पाटी होती, जुनी, लाकडी चौकटीची. ‘दूध’, ‘गॅसवाला अकराला’, ‘डावीकडचा डबा’. तो म्हणायचा, तुझ्या मौनात दोघांचं मलाच बोलावं लागतं, आणि खरंच दोघांचं बोलायचा, तिचं उत्तर तिच्या आवाजात स्वतःच द्यायचा, हळू आणि बारीक, तिला हसू येईपर्यंत.

दिव्यापुढे ती बसली. माळ बोटांत फिरत होती, मणी एकामागून एक सरकत होते, पण त्यांच्यात ती स्वतः नव्हती. ती देवाजवळ काही मागत नसे. मागायचं नाही हाही नेमच. आज तिने मागितलं नाही, पण मण्यामण्याच्या मधे एक वाक्य शिरत राहिलं. भिंगरी, तुला एक सांगायचंय. माळ पुढे. तुला एक सांगायचंय, बसून ऐक. माळ पुढे. हे वाक्य तिने लिहिलेलं नव्हतं, कुठल्या मसुद्यात नव्हतं. पुढचं वाक्य येत नव्हतं. मेरुमणी आला तेव्हा तिच्या लक्षात आलं की बोट जरासं दुखतंय, काल कागदाची कड लागली होती तिथे. बारीकशी चीर. दुखतंय, तिने स्वतःशी नोंद केली, आणि पुन्हा एकदा त्यावर अंगठा दाबून बघितला.

उठून तिने पिशवी घेतली. त्यात चौकोन-गोलांचा कागद ठेवला, दाखवायला नव्हे. मामाचं वय चुकायला नको म्हणून. मग तोही काढून टेबलावर ठेवला. मामाचं वय तिला पाठ होतं. पायात चपला सरकवत असताना नवरा स्वयंपाकघरातून बाहेर आला, हातात चाळणी. घड्याळाकडे त्याने बघितलं. सव्वासहा. ऑफिसला चार तास होते.

“कुठं?” त्याने विचारलं, आणि सवयीने पाटी उचलून पुढे केली, खडूसकट.

तिने पाटीकडे पाहिलं. कालचं ‘साबण’ अजून अर्धवट पुसलेलं होतं. तिने खडू हातात घेतला. मग तो परत चौकटीच्या खाचेत ठेवला.

“भिंगरीकडे,” ती म्हणाली. आवाज घोगरा होता, सकाळचा, सात वर्षांत या घराने न ऐकलेला. “म्हाताऱ्यांची तुकडी आठला सुटते. तिथं बाक आहे. बसेन तोवर.”

नवऱ्याने पाटी भिंतीला उलटी टेकवून ठेवली. तिच्या आवाजात तो काही बोलला नाही, स्वतःच्याही नाही. फक्त दाराची कडी काढली आणि जिन्यातला दिवा लावला, कारण खालच्या मजल्याची तिसरी पायरी तुटलेली होती.

ती उतरू लागली. कठड्याला धरून, एक एक पायरी. तुला एक सांगायचंय, बसून ऐक. दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी दार उघडून कचऱ्याची बादली बाहेर ठेवत होतं. तिला बघून मान हलवली. तिनेही हलवली. तुझ्या आईची तपासणी तेव्हाच व्हायला हवी होती. तिसऱ्या पायरीशी ती थांबली, पाय चाचपून पुढचीवर टेकवला, आणि ते वाक्य एकदा हलक्या आवाजात म्हणून पाहिलं. मग आकडेवाल्यांना ऐकू गेलं असतं इतक्या मोठ्याने, पुन्हा एकदा. आणि रस्त्यावर आली.